वाकड्या अंगाचे कागद

ड्रमचं झाकण सरकवलं आणि तिच्या हातातला पाण्याचा मग तसाच तिरका राहिला. आत कोबीच्या कुजक्या पानांवर खाकी कागदाची दोन बोटं रुंद पट्टी पडली होती आणि तिच्यावर निळ्या मेणाच्या पेन्सिलीने लिहिलं होतं, 'डा. खांदा पाऊण खाली'. अक्षर तिचं होतं. मगातलं पाणी तिच्या पावलावर सांडलं, चांगलं गार, तरी तिने पाय हलवला नाही. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. तपासनीस फिरायला गेला होता आणि पावणेआठला परत येणार होता. दोन वर्षांत तो एकदाही एक मिनिट लवकर आला नव्हता की एक मिनिट उशिरा. तिने मग खाली ठेवला आणि पट्टी चिमटीत धरून उचलली. खालून दुसरी आली. दुसरीला चिकटून तिसरी, ती निम्मी विरलेली. तिच्यावर नुसतं 'वकीलबाई' एवढंच उरलं होतं आणि पुढे आकडा असायला हवा होता तिथे एक गांडुळासारखी पातळ पांढरी अळी होती. माझे कागद इथे कसे आले, असं तिच्या मनात आलं, आणि ते मनात येतंय तोवरच उत्तरही येऊन उभं राहिलं, कारण ह्या घरात माणसं होती दोन आणि त्यातली एक ती स्वतः होती.

तपासनीस म्हणजे तिचा नवरा. हे नाव तिनेच ठेवलं होतं, मनातल्या मनात, आणि आता त्याचं खरं नाव घ्यायची वेळ आली तर तिला क्षणभर आठवावं लागलं असतं. पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं तो पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला उभा राहिला होता. डबा उचलायचा, उजेडाला धरायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचं, पास. किंवा म्हणायचं, नापास. पास तो मनात म्हणायचा आणि नापास तोंडाने. घरी आला तरी अंगठा थांबत नसे. इस्त्री केलेल्या कॉलरवरून फिरे, टेबलाच्या कडेवरून फिरे, लेकीच्या प्रगतिपुस्तकावरून फिरे. लग्नानंतर पहिल्या महिन्यात तिने त्याच्यासाठी एक शर्ट शिवला होता. बाह्या नापास, तो म्हणाला होता, आणि त्यानंतर आजतागायत तयार शर्ट विकत आणून घालत आला होता. ती एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात कटिंग करायची, गावभरच्या बायका तिला मास्तरीणबाई म्हणायच्या, तिच्या हातचा कोट घालायला दोन-दोन महिने थांबायच्या, आणि हा गृहस्थ दुकानातला शर्ट आणून त्याच्या घड्या मोडत आरशासमोर उभा राहायचा. असल्या माणसाबरोबर जन्म काढायचा म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. निवृत्त झाला त्या आठवड्यात म्हणाला, आता मी घरात आणि तू बाहेर, हे काही बरं दिसत नाही. तिनेही नोकरी सोडली. का सोडली? ह्या प्रश्नाशी आली की तिचा स्वतःवरच असा काही संताप होई की हातातलं भांडं आपटावंसं वाटे.

कचऱ्याचं खत करायचा ड्रम आला तो ह्याच्यानंतर. मागच्या गच्चीत तो एका सकाळी खोक्यातून निघाला. हिरवा, जाड प्लॅस्टिकचा, लोखंडी पायांवर आडवा झोपलेला, मध्ये पडदा घालून दोन कप्पे केलेला. एक भरायचा आणि दुसरा मुरू द्यायचा, आणि एक दिवसाआड सगळाच्या सगळा दांड्याला धरून फिरवायचा. जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरले होते ते तपासनिसाने एका डबीत घालून ठेवले, डबीवर चिठ्ठी लावली, 'उरलेले'. मग फ्रिजवर तक्ता लागला. एक भाग ओलं, दोन भाग कोरडं. शिजवलेलं नको, तेलाचं नको. तुकडा इंचापेक्षा मोठा नको. हे इंचाचं तिला फार झोंबलं. एकतीस वर्षं जिने सहा घड्या कापडातून एका फटक्यात गळा कापला, तिला हा माणूस कांद्याची सालं कशी कापायची ते शिकवणार! 'हे बघ, हे दीड इंच आहे,' असं म्हणून तो साल तळहातावर घेऊन दाखवायचा. तेवढ्यावर भागलं असतं तरी तिने मूग गिळले असते. पण ओल्या कचऱ्याचा डबा आता त्याच्या ताब्यात गेला होता, आणि रोज तो डबा वर्तमानपत्रावर पालथा घालून तपासनीस त्यात काडीने उकरत बसायचा. 'अगं, हा अर्धा टोमॅटो का टाकलास?' 'सडला होता.' 'एका बाजूने सडलाय. दुसरी बाजू पास आहे.' स्वयंपाकघरात तिने काय केलं, काय नासवलं, कुठल्या दिवशी तिचं मन थाऱ्यावर नव्हतं म्हणून साल जाड निघालं, सगळं त्या डब्यात उघडं पडायचं. आपलं पोट कुणी रोज उलटं करून बघावं तसं तिला वाटे. लेकीला फोनवर सांगितलं तर लेक हसली. 'आई, बाबांना काहीतरी विरंगुळा नको का? बिचारे कचऱ्यातच तर रमतायत.' बिचारे! त्या दिवसापासून लेकीलाही तिने काही सांगायचं सोडलं.

पहिला मग ओतला तेव्हा तिने काही ठरवलं नव्हतं. भांडी विसळलेलं पाणी होतं, हातात मग होता, तपासनीस फिरायला गेला होता आणि तो हिरवा ढोल दांडा वर करून तिच्याकडे बघत पडला होता. ओतून झाल्यावर बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी परत ओतला. आठवडाभरात ड्रमला वास सुटला, असा की गच्चीचं दार उघडलं की नाक धरावं. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटून म्हणाली, 'तुमच्याकडे काही मेलंय का हो?' तिने अगदी साळसूदपणे सांगितलं, 'ह्यांना विचारा, ह्यांचा प्रयोग चाललाय.' तपासनिसाने दांडा धरून पाच फेरे दिले की आत धप्प, धप्प असा ओल्या कणकेसारखा आवाज यायचा, आणि फटीतून तपकिरी पाणी गळून त्याच्या बुटांवर यायचं. तो मूठभर मिश्रण घेऊन पिळून बघायचा. एक-दोन थेंब आले तर बरोबर, असं तक्त्यात लिहिलं होतं. इथे कोपरापर्यंत ओघळ यायचे. त्याचा चेहरा अशा वेळी बघण्यासारखा होई. चौतीस वर्षं दुसऱ्यांना नापास करणारा माणूस स्वतःच्या हाताकडे बघत उभा आहे! ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि तिला सुख व्हायचं. चांगलं भरघोस सुख, ज्याची लाज वाटायला हवी होती आणि वाटत नव्हती. त्या दोन महिन्यांत तिला झोप लागायला लागली. भूक लागायला लागली. मधूनच ती गुणगुणायचीसुद्धा. एवढंच की हल्ली आठ-दहा दिवस वास कमी होत चालला होता. पाणी कुठे जातंय तिला कळेना. म्हणून तिने एकाचे दोन मग केले.

पाणी कुठे जात होतं ते आता तिच्या चिमटीत होतं. खाकी कागद, जाड, खरखरीत, कापसासारखा पाणी पिणारा. दुकानात हे कागद मोठ्या गुंडाळीतून यायचे. ती ते टेबलावर पसरायची, गुडघ्याने दाबून सरळ करायची, आणि त्यावर एकेका बाईचं अंग उतरवायची. सरळ अंगाच्या बायकांचं काय, बत्तीस, चौतीस, छत्तीस असे ठरलेले कागद कुठल्याही बाजारात मिळतात. मास्तरीणबाईकडे यायच्या त्या दुसऱ्या. टपालवाली, वीस वर्षं एकाच खांद्यावर पिशवी वाहून तो खांदा पाऊण इंच उतरलेली. वकीलबाई, पाठीला पोक, कोर्टात उभं राहिलं की कोट मागून वर चढायचा आणि समोरचा वकील हसायचा. तिच्या कोटाची मधली शिवण सव्वा इंच सोडली तेव्हा कुठे तो कोट खाली बसला, आणि त्या दिवशी वकीलबाई दुकानात येऊन तिच्या हातावर हात ठेवून गेली. बस कंडक्टरीण, एका बाजूची छाती आजारात गेलेली. ती आली तेव्हा पडद्यामागे दहा मिनिटं नुसती उभी होती, कपडे काढायला तयार नव्हती. 'मला बघायचं नाहीये, मापायचंय फक्त,' असं तिला सांगावं लागलं होतं. असे शंभरावर कागद. नावं कुणाची लिहायची नाहीत हा तिचा नियम, फक्त धंदा किंवा खूण. वाकड्या अंगाचे म्हणून ते वेगळे बांधलेले आणि सारखे लागायचे म्हणून ट्रंकेत सगळ्यांत वर. दुकान सोडताना मालकाने विचारलं होतं, हे कुठे नेता? ती म्हणाली होती, ह्या बायका माझ्या आहेत.

आणि आता त्या लागणार होत्या. तेरा दिवसांपूर्वी धाकटीचा फोन आला होता. धाकटी म्हणजे पूर्वी तिच्या हाताखाली टाके उसवणारी, सुया वेचणारी पोरगी. आता तिचं स्वतःचं दुकान होतं. 'बाई, वाकड्या अंगाच्या बायका माझ्या दारातून परत जातात हो. मला नाही जमत. तुम्ही या. निम्मं टेबल तुमचं, पाटीवर नाव तुमचं वर. कागद तेवढे घेऊन या.' सोमवारी सकाळी दहाला जायचं ठरलं होतं. तपासनिसाला तिने सांगितलं नव्हतं. सोमवारी साडी नेसून, चप्पल घालून दारात उभं राहायचं आणि तेव्हाच सांगायचं, म्हणजे त्याला तपासायला वेळ मिळायचा नाही, असा तिचा बेत होता. ट्रंक उघडली की तो विचारणार, म्हणून ट्रंकेलाही तिने हात लावला नव्हता. रविवारी तो लेकीकडे जाईल तेव्हा काढू. आज गुरुवार होता.

ओल्या पावलांनीच ती आतल्या खोलीत गेली आणि ट्रंक ओढली. कुलूप कधीच नव्हतं. घरात कुणापासून लावायचं? वरचे तीन गठ्ठे नव्हते. खाली सरळ अंगाचे बत्तीस, चौतीस, छत्तीस नीट बांधलेले होते, त्यांच्या सुतळीला कुणी स्पर्शही केला नव्हता. ती तिथेच जमिनीवर बसली. वरच्याऐवजी एक गठ्ठा जरी खालचा गेला असता, ती म्हणाली, मोठ्याने म्हणाली, एक जरी! मग उठून तिने टेबलाच्या खणातून त्याची ड्रमची वही काढली. कुणाची वही वाचू नये हे तिला कळत होतं, पण ज्याने तिचा कचरा रोज वाचला त्याची वही वाचायला तिला काही वाटलं नाही. अक्षर बारीक, उभं, कारखान्यातलं. सुरुवातीला नुसते ओलं-कोरडं असेच शेरे होते. मग बाराव्या दिवशी, 'ओल जास्त. पाणी वरून पडलेलं. पाऊस नाही.' पंधराव्या दिवशी, 'सिंकपाशी असतो तो मग आज ड्रमपाशी.' सोळाव्या दिवशी, 'ही घालते. सात ते पावणेआठ.' सतराव्या दिवशी फक्त, 'बोललो नाही.' त्यापुढे पानंच्या पानं, रोज एक मग, रोज नोंद, तारीखवार. अडतिसाव्या दिवशी, 'पुठ्ठे संपले. वर्तमानपत्र नको, शाई असते. ट्रंकेतले खाकी उत्तम. गठ्ठा १.' बावन्नाव्या दिवशी, 'गठ्ठा २.' अठ्ठावन्नाव्या दिवशी, 'मग दोन झाले. गठ्ठा ३.' आणि कालच्या तारखेला लाल पेन्सिलीने, वहीत पहिल्यांदाच, 'वास नाही. पास.' तिने बोटांवर मोजलं. फोन आला तो पन्नासावा दिवस होता. पहिला गठ्ठा त्याच्या आधी गेला होता. दुसरा फोननंतर दोन दिवसांनी. आणि तिसरा, तिला गिळता येईना असा तिसरा, तिने दुसरा मग सुरू केल्यावर. म्हणजे रोज सकाळी ती खिडकीशी उभी राहून गुणगुणत होती तेव्हा टपालवाली भिजत होती, कंडक्टरीण भिजत होती, आणि पाणी तिच्याच हातचं होतं. त्याने फाडले, पण भिजवले तिने. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

पावणेआठला किल्ली वाजली. बूट काढायच्या आधी ड्रम फिरवायचा हा त्याचा क्रम, म्हणून तो तसाच सरळ गच्चीत आला. ती ड्रमपाशी उभी होती, हातात वही. त्याने आधी वहीकडे पाहिलं, मग मगाकडे, मग तिच्या ओल्या पावलांकडे.

'ट्रंक उघडलीत तुम्ही,' ती म्हणाली.

'कुलूप नव्हतं.'

'माझे कागद होते ते.'

'दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता. पडूनच होते.' त्याने रुमालाने मान पुसली. 'पण कागद चांगला हो. ओल अशी धरतो की विचारू नकोस.'

'पाणी मी घालते हे ठाऊक होतं तुम्हाला.'

'नोंद आहे.'

'मग बोलला का नाहीत?'

'तू बोललीस?'

त्याच्या अंगठ्याने ड्रमच्या कडेवरून एक फेरी मारली. दोघांत विस्तव जात नाही हे तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक होतं. पण इतके दिवस तिला वाटायचं की तो नुसता दगड आहे, आणि दगडाचा राग करून माणूस किती करणार? दगड नव्हता तो. तो दोन महिने तिच्याशी खेळत होता, मगाला गठ्ठा, मगाला गठ्ठा, आणि तिला आपण एकटीच खेळतोय असं वाटत होतं.

'आणि सोमवारचं?' तिने विचारलं.

'फोनवर तू फार मोठ्याने बोलतेस.'

'म्हणजे ठाऊक असून टाकलेत.'

तो कारखान्यात एखाद्या नव्या माणसाला सांगावं तशा आवाजात म्हणाला, 'ओलं झालं की कोरडं घालायचं. तक्त्यात आहे. तू ओलं घालत होतीस.'

तिचं पित्त खवळलं. तिने ड्रमच्या झाकणाच्या दोन्ही खिट्ट्या काढल्या, झाकण पार सरकवलं, मुरत ठेवलेल्या कप्प्याचंही सरकवलं, आणि दांडा धरून जोर लावला. 'अगं, झाकण! झाकण उघडं आहे!' तो ओरडला. ड्रम फिरला. दोन महिन्यांचं सगळं, काळं, गरम, वाफाळतं, सालं, पानं, अळ्या, खाकी लगदा, त्याच्या बुटांवर, पॅन्टवर, त्याने रोज पुसून घेतलेल्या फरशीवर कोसळलं. तिने दुसरा फेरा दिला, मग तिसरा. पाच पूर्ण केले, त्याच्या क्रमाप्रमाणे. मग ती खाली बसली आणि कोपरापर्यंत हात घालून वेचू लागली. वास आला, येऊ दे. तो खराटा घेऊन आला तेव्हा ती वर न बघता म्हणाली, 'हात लावाल तर याद राखा.' तो खराटा धरून तसाच उभा राहिला, पुढे काय करायचं ते त्याच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

पहिला गठ्ठा गेला होता. बोटात घेतला की त्याचा गाळ व्हायचा, नुसती निळी मेणाची अक्षरं सालपटासारखी सुटून यायची. दुसऱ्यातलं निम्मं हाताला लागलं. तिसऱ्याच्या पट्ट्या मात्र बऱ्याचशा शाबूत होत्या, ओल्या पण शाबूत. त्याने त्या फूटपट्टीने आखून, सारख्या दोन बोटांच्या फाडल्या होत्या, आणि त्या नीटनेटकेपणाबद्दल तिला त्याचा आणखी तिरस्कार वाटला. टबभर पाण्यात तिने त्या एकेक करून विसळल्या. आता वाळवायच्या कुठे? गच्चीत वारा होता, जमिनीवर ओल होती. सपाट, मोठी, कोरडी, पांढरी अशी घरात एकच जागा होती. ती आतल्या खोलीत गेली आणि पलंगाच्या त्याच्या बाजूची चादर तिने हाताने ताणून सरळ केली, गुडघ्याने दाबून, टेबलावर करायची तशी.

दुपार होईपर्यंत ती जुळवत होती. पट्टीला पट्टी, आकड्याला आकडा. कुठे कागद संपलेला असला की तिची बोटं आपोआप पुढची रेघ चादरीवर ओढायची. बाहीचा मुंढा कुठे वळतो, पोक कुठे सुरू होतं. टपालवाली जवळजवळ पूर्ण मिळाली. वकीलबाईची पाठ मिळाली, बाह्या नाहीत. कंडक्टरणीची फक्त एक बाजू मिळाली, आणि ती नेमकी कुठली ते बघून ती बराच वेळ तिथे हात ठेवून बसली. त्या बाईला परत बोलवावं लागेल, परत पडद्यामागे उभं करावं लागेल, आणि कशासाठी ते सांगावं लागेल. काय सांगायचं? माझ्या नवऱ्याने फाडली, आणि मी भिजवली. अकरा बायका कशाबशा उभ्या राहिल्या. शंभरातल्या अकरा. अजून चार दिवस होते आणि नव्या कागदाची एक गुंडाळी धाकटीकडून आजच मागवता आली असती. ती रडली नाही. रडायला बसली असती तर पट्ट्या पुन्हा भिजल्या असत्या.

तो दारात येऊन उभा राहिला. बूट अजून पायात होते. त्याने पलंगाकडे पाहिलं, आपल्या उशीवर आडव्या पडलेल्या पाठीकडे पाहिलं.

'मी झोपायचं कुठे?'

'ड्रम रिकामा आहे,' ती म्हणाली.

तो गेला नाही. वाकला, बुटाच्या टाचेला चिकटलेली एक पट्टी त्याने सोलून काढली, ती उजेडाला धरली, कडेवरून अंगठा फिरवला. मग दोन पावलं आत येऊन त्याने ती वकीलबाईच्या खांद्यापाशी ठेवली, नीट, कडेला कड लावून.

जागा चुकीची होती. ती पट्टी टपालवालीच्या बाहीची होती. तिने ती उचलली, पलीकडे जिथे हवी तिथे लावली आणि दोन बोटांनी दाबून धरली.

'नापास,' ती म्हणाली. 'आता बाहेर व्हा आणि दार लावून घ्या. त्यांच्या अंगावर कपडे नाहीत.'